जबड्यात दातांचीच गाठ? ओडोंटोमाबद्दल साध्या भाषेत

वर्षा-दोन वर्षांनी एक बातमी व्हॉट्सॲपवर फिरत फिरत आपल्या गटात येतेच. चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात काढले. सोबत पांढऱ्या बारीक दाण्यांचा फोटो. खाली कुणी हात जोडतं, कुणी कलियुगाला दोष देतं, आणि एखादा शहाणा ‘हे सगळं खोटं असतं’ म्हणून मोकळा होतो.

बातमी खरी आहे. जुलै २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात ती शस्त्रक्रिया झाली. त्याच्या पाच वर्षं आधी, जुलै २०१४ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सतरा वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या जबड्यातून २३२ दातासारखे तुकडे निघाले होते. तो मुलगा बुलढाणा जिल्ह्यातला, म्हणजे आपल्या मुक्ताईनगर-बोदवडच्या शिवेपलीकडचा. तेव्हा जळगावच्या बाजारात आठवडाभर हाच विषय होता.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. बातमी फिरली की पुढचे काही दिवस पालक मुलांना घेऊन येतात आणि हिरडीवरच्या साध्या फुगवट्यावर बोट ठेवून विचारतात, “डॉक्टर, हाई काय शे?” बहुतेक वेळा ते किडलेल्या दाढेचं गळू असतं, नाहीतर येऊ घातलेला दात. पण बातमीतला तो आजार तितका अद्भुत नाही, हे सांगायला हवं. ५२६ हा आकडा अद्भुत आहे. आजार मात्र दातांच्या डॉक्टरांच्या रोजच्या पुस्तकातला आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो पाच-पंचवीस बारीक दातुल्यांवर थांबतो. कित्येकांना तर आपल्या जबड्यात असं काही आहे याचा पत्ताही नसतो.

त्याचं नाव ओडोंटोमा. दात ज्या पदार्थांचा बनतो त्याच पदार्थांची, जबड्याच्या हाडात तयार झालेली निरुपद्रवी गाठ. १८६० च्या दशकात पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने हे नाव रूढ केलं. मेंदूतलं बोलण्याचं केंद्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तोच हा ब्रोका.

आधी दात बनतो कसा, ते पाहू

दात हिरडीतून वर येताना दिसतो म्हणून आपल्याला वाटतं की तो तेव्हाच तयार होतो. प्रत्यक्षात दुधाच्या दातांची तयारी आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. गर्भाच्या तोंडाच्या आतल्या अस्तराची एक पट्टी जबड्यात खाली उतरते आणि तिच्यावर ठरावीक अंतराने अंकुर फुटतात. एक अंकुर, एक दात. दुधाचे २०, आणि त्यांच्या मागाहून कायमचे ३२.

प्रत्येक अंकुरात दोन जातीच्या पेशी समोरासमोर बसून काम करतात. अस्तराकडून आलेल्या पेशी बाहेरचं चकचकीत कवच घडवतात. त्याला इनॅमल म्हणतात. शरीरात त्याहून कठीण काही नाही. समोरच्या पेशी आतला पिवळसर भाग घडवतात, ते डेंटिन. मधोमध नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर, आणि मुळाभोवती सिमेंटम नावाचा पातळ थर. दोन्ही बाजूंच्या पेशी एकमेकींना सतत रासायनिक निरोप पाठवत असतात: तू सुरू कर, आता इथे वळ, आता थांब. पटाशीचा दात चपटा का, सुळा टोकदार का आणि दाढेला उंचवटे का, हे त्या निरोपांवरच ठरतं.

सहा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही जबड्यांचा एक्स-रे पाहिलात तर थोडं दचकायला होतं. दुधाच्या दातांच्या खाली आणि वर, हाडाच्या पोटात, कायमच्या दातांची आख्खी दुसरी फळी दाटीवाटीने उभी असते. कुणाचा नुसता मुकुट तयार, कुणाची मुळं अर्धी. एवढ्याशा जागेत एवढं काम वर्षानुवर्षं चालू असताना क्वचित कुठे चूक होते यापेक्षा, ती फारशी होत नाही याचंच मला जास्त नवल वाटतं.

मग चूक होते ती कशी?

निरोपांमध्ये कुठेतरी गोंधळ होतो. पेशी कामाला लागतात, माल अस्सल बनवतात, पण कुठे थांबायचं आणि कोणत्या आकारात मांडायचं हे बिघडतं. इथून दोन वाटा फुटतात.

पहिल्या प्रकारात छोटे छोटे दात तयार होतात. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे लगेच कळेल. घड निसवला की वरच्या फण्या भरदार सुटतात, पण टोकाकडच्या फण्यांची केळी बोटाएवढीही होत नाहीत. साल तीच, गर तोच, मोल मात्र काही नाही. तशी ही दातुली असतात. एकेक हातात घेऊन पाहिलं तर इनॅमल, डेंटिन, मधला गर, सगळं जागच्या जागी. फक्त आकार तांदळाच्या कणीपासून हरभऱ्यापर्यंत, आणि चावायला उपयोग शून्य. भोवती एक पातळ पिशवी असते. या प्रकाराला संयुक्त ओडोंटोमा म्हणतात. तो बहुधा वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात, पटाशीचे दात आणि सुळा यांच्या आसपास सापडतो. आणि केळीवाला टोकाच्या फण्या का कापतो? त्या विषारी असतात म्हणून नव्हे. वरच्या चांगल्या फण्यांच्या वाटणीचं त्या खातात म्हणून. दातुल्यांच्या गाठीचंही तसंच: तिचा खरा जाच असतो तो मागे अडकलेल्या चांगल्या दाताला.

दुसऱ्या प्रकारात दाताचा आकारही बनत नाही. इनॅमल, डेंटिन, सिमेंटम सगळं असतं, पण एकात एक मिसळून त्याचा ओबडधोबड गोळा होतो. याला जटिल ओडोंटोमा म्हणतात. तो खालच्या जबड्यात मागे, दाढांच्या बाजूला जास्त आढळतो आणि पहिल्या प्रकारापेक्षा मोठाही होऊ शकतो. जबड्याला बाहेरून दिसण्याइतकी सूज येते ती बहुधा याच प्रकारात.

चेन्नईच्या मुलाची गाठ मात्र खालच्या जबड्यात असूनही पहिल्या प्रकारची, म्हणजे दातुल्यांची होती. ‘बहुधा’ या शब्दाला वैद्यकात फार किंमत आहे, ती अशी. त्या मुलाच्या गालाची सूज आईवडिलांच्या लक्षात आली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तेव्हा तो तपासू देईना. गाठ बाहेर काढली तोवर तो सात वर्षांचा झाला होता आणि पिशवीचं वजन भरलं सुमारे २०० ग्रॅम.

“कॅन्सर तं नही ना?”

हा प्रश्न दारातच येतो, आणि येणं साहजिक आहे. गाठ म्हटलं की आपल्याकडे माणूस एकदम टाटा रुग्णालयाच्या रांगेत जाऊन उभा राहतो, निदान मनाने तरी.

ओडोंटोमा कॅन्सर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो सौम्य गाठींमध्ये आहे, आणि अनेक तज्ज्ञांच्या मते तर ती खरी गाठच नाही, दात घडतानाची विकृती आहे. फरक समजायला सोपा आहे. कॅन्सरच्या पेशी वाढायचं थांबत नाहीत, शेजारचं पोखरतात आणि रक्तातून किंवा लसिकेतून दुसरीकडे जाऊन बस्तान बसवतात. ओडोंटोमा आपल्या पिशवीत राहतो. एका मर्यादेपर्यंत वाढतो, त्यातला माल कठीण झाला की थांबतो. फुप्फुसात, यकृतात, मानेत कुठेही जात नाही.

इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते ती सोडवतो. आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर भरपूर आहे, आणि त्याचं कारण गुटखा, तंबाखू, मिश्री. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे; टपरीवर तो कसा मिळतो हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण तो कॅन्सर होतो गालाच्या आतल्या अस्तराला, जिभेला, हिरडीला. ओडोंटोमा असतो हाडाच्या आत, आणि तंबाखूशी त्याचा काही संबंध नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात गाठ निघाली म्हणून आईने ‘याने चोरून पुडी खाल्ली असणार’ म्हणत त्याला दवाखान्यातच दोन लगावल्या, हे मी पाहिलेलं आहे. पोरगं बिचारं चकित.

मात्र जबड्यातली प्रत्येक गाठ ओडोंटोमाच असते असं समजून निर्धास्त होणंही चुकीचं. अमेलोब्लास्टोमा नावाची एक गाठ आहे. तीही सौम्य गटातच मोडते, पण जबड्याचं हाड खात पसरते आणि अर्धवट काढली तर पुन्हा येते. काही गाठी पाण्याने भरलेल्या असतात आणि हाड आतून पोकळ करतात. म्हणून सूज भराभर वाढत असेल, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली असेल, धडधाकट दात कारण नसताना हलायला लागले असतील, किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

दुखत नाही, दिसत नाही. मग कळणार कसं?

माझ्या मते या आजाराची सगळी मेख इथे आहे. ओडोंटोमा सहसा दुखत नाही. मग तो ओळखायचा कशावरून? जो दात यायला हवा होता आणि आला नाही, त्याच्यावरून.

त्यासाठी घरच्यांना दातांचं वेळापत्रक ढोबळ तरी माहीत हवं. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून निम्म्या पालकांना ती दुधाचीच वाटते. सहा ते नऊ या काळात पुढचे पटाशीचे दात बदलतात. खालचा सुळा नऊ-दहाव्या वर्षी, वरचा अकरा-बाराव्या वर्षी. मधल्या लहान दाढा दहा ते बाराच्या दरम्यान. दुसरी मोठी दाढ बारा-तेराव्या वर्षी. अक्कलदाढेला वेळापत्रक नाही, तिचं सोडून द्या.

वर्षभर इकडेतिकडे झालं तर घाबरायचं कारण नाही. खरी खूण आहे डाव्या-उजव्यातला फरक. उजव्या बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि डाव्या बाजूच्या त्याच दाताचा पत्ता नाही, तर एक्स-रे काढायला हवा. दुसरी खूण, मोडकळीला आलेला दुधाचा दात पडायचं नावच घेत नाही. तिसरी, पुढचे दोन दात कारण नसताना फाकलेत किंवा एक दात गर्रकन फिरलाय. चौथी, हिरडीवर बोट फिरवलं तर हाडासारखा कठीण, न दुखणारा उंचवटा लागतो.

कारण नेहमी ओडोंटोमाच असेल असं नाही. जादा दात असू शकतो, जागा कमी पडलेली असू शकते, किंवा तो कायमचा दात मुळात बनलेलाच नसतो. ही शेवटची शक्यता लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळेच ‘दुधाचा दात अडसर करतोय, उपटून टाका’ हा घरगुती सल्ला धोक्याचा ठरतो. खाली दुसरा दात नसेल तर तो दुधाचा दात पुढची कित्येक वर्षं कामाला येऊ शकतो. आधी फोटो, मग सांडशी.

आणखी एक प्रकार पाहून जीव कासावीस होतो. आठवडे बाजारात पेटी मांडून बसणारे दातवाले. पंधरा-सोळाच्या मुलीच्या पुढच्या दातांत फट आहे, स्थळं यायला लागलीत, म्हणून घरचे तिला तिथे नेतात. तो शेजारच्या दातांना चिकटवून प्लास्टिकचा दात बसवून देतो. फट भरली, सगळे खूश. तिचा खरा सुळा मात्र गाठीच्या मागे हाडात आडवा पडून असतो, आणि प्लास्टिकच्या दाताखाली अन्न साचून शेजारचे दोन चांगले दात किडतात. दोन-तीन वर्षांनी माझ्यासमोर येते तेव्हा एका दाताच्या जागी तीन दातांचा प्रश्न झालेला असतो.

एक्स-रेचे किरण मुलाला बाधणार नाहीत का?

एका दाताचा छोटा फोटो बऱ्याचदा पुरतो. गाठीची शंका असेल तर ओपीजी काढतात. यंत्र डोक्याभोवती अर्धवर्तुळात फिरतं आणि पंधरा-वीस सेकंदांत दोन्ही जबड्यांचं सलग चित्र मिळतं. त्यातून मिळणारे किरण साधारणपणे माती, दगड आणि आकाशातून आपल्याला दोन-चार दिवसांत मिळतात तितके. कारण असताना काढलेल्या एका ओपीजीला घाबरू नका. कारण नसताना दर सहा महिन्यांनी काढा असं कुणी म्हणालं तर मात्र ‘का?’ विचारा.

चित्रात संयुक्त ओडोंटोमा असेल तर ओळखायला डॉक्टर लागतच नाही. हाडाच्या राखाडी पार्श्वभूमीवर एक बारीक काळी रेघ, त्या रेघेच्या आत गर्दी करून बसलेली पांढरी दातुली, आणि त्यांच्या वर किंवा मागे अडकलेला पूर्ण वाढीचा दात. मी पालकांना पडद्यासमोर उभं करतो. दहा मिनिटं समजावून जे पटत नाही ते एका नजरेत पटतं. जटिल प्रकारात नुसता पांढरा ढेपाळ गोळा दिसतो, त्यामुळे तिथे हाडाच्या इतर गाठींची शंका घ्यावी लागते. खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी नस गाठीला खेटून आहे का हे पाहायचं असेल तर सीबीसीटी हा त्रिमिती स्कॅन करतात. तो सगळ्यांना लागत नाही.

त्रास नाही, मग चिरफाड कशाला?

आजोबांचा आक्षेप. आणि तो वेडगळ मुळीच नाही. साठीच्या माणसाच्या जबड्यात दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत बारकासा ओडोंटोमा दिसला, कुठलाच दात अडलेला नाही, भोवती पाणी साचलेलं नाही, तर काही डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. मलाही ते पटतं.

मुलांचं गणित वेगळं आहे. दात वर सरकायची ओढ त्याचं मूळ घडत असताना सगळ्यात जास्त असते. मूळ पूर्ण होऊन त्याचं टोक बंद झालं की ती ओढ ओसरते. म्हणजे दहाव्या वर्षी अडसर दूर केला तर मागचा दात आपणहून उतरायची चांगली शक्यता असते. तेच सतराव्या वर्षी केलं तर दाताला धातूची छोटी कडी चिकटवून, बारीक साखळीने, तारेच्या आधारे महिनोन्‌महिने ओढून आणावा लागतो. आणि पंचविशीत? कधी कधी तो दातच काढावा लागतो. शिवाय अडकलेल्या दाताच्या मुकुटाभोवती पाण्याची गाठ होऊ शकते, शेजारच्या दातांची मुळं झिजू शकतात, आणि गाठीचं टोक तोंडात उघडं पडलं तर जंतुसंसर्ग होऊन मग खरंच दुखतं.

शस्त्रक्रियेचं नाव ऐकून वाटतं तेवढी ती मोठी नसते. गाठ छोटी आणि मूल समजूतदार असेल तर दाढ काढताना देतात तशी जागेवरची भूल पुरते. लहान मुलाला किंवा मोठ्या गाठीला पूर्ण भूल. हिरडी बाजूला करायची, वरचं पातळ हाड खिडकीसारखं उघडायचं, पिशवी सोडवून दातुली काढायची. पिशवी हाडापासून बहुधा सहज सुटते, ही या गाठीची मेहेरबानी. मग टाके. हाडाची पोकळी काही महिन्यांत नव्या हाडाने आपोआप भरते. चेन्नईच्या डॉक्टरांनी जबडा वरून उघडला आणि बाजूच्या भिंती शाबूत ठेवल्या, म्हणून त्या मुलाच्या जबड्याला नंतर वेगळा आधार द्यावा लागला नाही. जे. जे.ची शस्त्रक्रिया मात्र सात तासांच्या आसपास चालली होती. तसली उदाहरणं अपवाद.

“पुन्हा होईल का?” पूर्ण काढली तर पुन्हा होणं फार क्वचित. फार लहान वयात, गाठ अजून कठीण झालेली नसताना काढली तर थोडी शक्यता असते, म्हणून मधूनमधून फोटो काढून पाहतात.

चाकू लागला की गाठ पसरते म्हणे?

गावोगाव पक्का बसलेला समज आहे हा. होतं असं की माणूस गाठ घेऊन वर्षभर घरी बसतो, लेप लावतो, झाडपाला करतो. शेवटी नाइलाजाने येतो तेव्हा रोग पुढे गेलेला असतो, तपासणीत तो उघड होतो आणि दोष तपासणीच्या माथी बसतो. ओडोंटोमाच्या बाबतीत तर पसरायला त्यात काही नसतंच. आणि लेपाबद्दल एवढंच म्हणेन की जी गाठ इनॅमलची आहे ती हळदीने विरघळत नाही.

काढलेली गाठ फॉर्मालिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवतात. पालक विचारतात, दातच आहेत हे डोळ्यांना दिसतंय, मग वर खर्च कशाला? त्याचं कारण वर आलं आहे. गाठीच्या भिंतीत किंवा कोपऱ्यात दुसऱ्या प्रकारच्या पेशी दडल्या असतील तर पुढचं सगळं बदलतं, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

प्रयोगशाळेत एक गंमत होते. दात इतका कठीण की त्याचे पातळ काप पाडता येत नाहीत. म्हणून तो काही दिवस आम्लात ठेवून मऊ करतात. इनॅमलमध्ये वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं. आम्लात ते विरघळून जातं. डेंटिन टिकतं, त्याच्या धाग्यांची जाळी उरते. मग रंगवलेल्या काचेवर गुलाबी डेंटिनच्या कडेने एक रिकामी पांढरी कमान दिसते. शिकत असताना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं काप फाटलाय. ती रिकामी जागा म्हणजेच इनॅमल. ते तिथे होतं हे त्याच्या नसण्यावरून ओळखायचं.

हे झालं कशामुळे?

नेमकं कारण सिद्ध झालेलं नाही. लहानपणी दुधाच्या दातांना लागलेला मार, तिथला जंतुसंसर्ग, जनुकांतले बदल, असे काही संशयित आहेत. गार्डनर सिंड्रोम नावाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात अनेक ओडोंटोमा होतात आणि सोबत मोठ्या आतड्यात पुढे कॅन्सरकडे झुकणारे कोंब येतात. म्हणून एकाच रुग्णात बऱ्याच ठिकाणी ओडोंटोमा सापडले तर पोटाचीही चौकशी करतात. एकाच गाठीला हे लागू नाही.

आईने गरोदरपणी ग्रहण पाहिलं, बाळाचे वरचे दात आधी आले आणि मामाला जड गेले, बोअरचं पाणी खारं आहे, यातलं काहीही कारण नाही. आईला बोल लावायची सवय मात्र फार जुनी आहे. दवाखान्यात सासू हे सुरू करते आणि सून मान खाली घालते, तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने सांगतो: यात कुणाची चूक नाही.

खानदेशात कुठे जायचं?

पहिली पायरी गावातला किंवा तालुक्याचा दातांचा डॉक्टर, नाहीतर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातला दंत विभाग. ओपीजी जळगाव, धुळे, नंदुरबारला आणि आता बऱ्याच तालुक्यांच्या गावी काहीशे रुपयांत निघतो. शस्त्रक्रियेसाठी तोंड आणि जबड्याचे शल्यचिकित्सक लागतात. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. सरकारी दंत महाविद्यालय आपल्याला सगळ्यात सोयीचं म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं, अजिंठ्याचा घाट चढून. नंदुरबार-नवापूरची माणसं रेल्वेने सुरत गाठतात, तेही चालेल. मुंबईच धरायला हवी असं नाही.

शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात फुकट होते आणि गरज असेल तर पुढे पाठवतात. अडचण आहे ती सातपुड्यातली. धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात तेव्हा मुलंही सोबत जातात, पथक शाळेत येतं आणि हजेरीपटावरची निम्मी नावं फडावर असतात. आश्रमशाळेतल्या आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींना माझी एक विनंती आहे. होळीनंतर मुलं परत आली की चौथी ते सातवीच्या वर्गात एकदा सगळ्यांना तोंड उघडायला लावा. टॉर्च पुरतो. डावं-उजवं सारखं नाही अशा मुलांची नावं वेगळी लिहून पथकाला द्या.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दाखल होण्यापूर्वी विचारा. टाके घातल्यावर विचारलं तर तोही काही करू शकत नाही.

जाताना जुने एक्स-रे न्या, मोबाइलवर काढलेला फोटो नको. आणि शस्त्रक्रियेनंतर तपासणीचा अहवाल हातात घेतल्याशिवाय ते प्रकरण संपलं असं धरू नका. बरेच जण टाके काढले की फिरकत नाहीत, अहवाल प्रयोगशाळेच्या खणात पडून राहतो. पुढे कधी दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर तोच कागद पहिला मागतात.

ती दातुली आठवण म्हणून घरी मिळतील का, असं बरीच मुलं विचारतात. तपासणीला गेलेली मिळत नाहीत. संयुक्त प्रकारात दोन-चार जादा निघाली आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर धुऊन, निर्जंतुक करून एखादं देतातही. मागून पाहायला हरकत नाही.